सोडूनये

संगमनेर, ९ फेब्रुवारी १९४६

पणजीच्या, म्हणजे आजोबांच्या आईच्या, चित्रात एक डोळा कोराच आहे. आजोबांनी तिथेच चित्रकला सोडली, पुण्याच्या एका टीकाकाराच्या पत्रामुळे म्हणे. ते मोडी पत्र आज मी वाचलं. मोडीत शब्द तोडत नाहीत. शेवटी लिहिलंय, ‘कुंचलासोडूनये’. आजोबांनी वाचलं, ‘कुंचला सोडून ये’. पण पत्रभर ‘आपण, आपण’ आहे, मग मध्येच ‘ये’ कसं? ‘सोडू नये’च ते! एवढं कळू नये?

संध्याकाळी आत्याला सांगितलं. वाती वळता वळता ती म्हणाली, “तुझ्या आजोबांना काय मोडी येत नव्हती? पत्र आलं त्याच दिवशी त्यांची आई गेली रे.”

तेव्हापासून तो कोरा डोळा माझ्याकडेच बघतोय. आजोबांना ‘ये’ म्हणणारं दुसरं होतं कोण?