पित्ताची वही

२ डिसेंबर
चिखलीच्या शाळेवर रुजू झाले. खोली झकास आहे: बेबीताईंच्या घराची माडी, पूर्वेला खिडकी, दोन्ही वेळचं जेवण खालूनच. माझ्यासोबत माझं जुनं दुखणं आलंच, अंगावर पित्त उठण्याचं. नाशिकच्या डॉक्टरांनी रोज एक गोळी आणि ही वही दिलीय. काय खाल्लं, गांधी कधी उठल्या, सगळं टिपायचं. पहिल्या पानावर त्यांनीच लाल शाईत लिहिलंय, अंगदुखीची कुठली गोळी मला अजिबात चालत नाही ते. मागे त्या गोळीने घसा सुजून श्वास अडकला होता.

५ डिसेंबर
तुरीच्या ओल्या दाण्यांची सोलेभाजी, त्यात शेंगदाण्याचं कूट. तासाभरात सगळ्या पोटावर गांधी. बेबीताईंनी घोंगडीने अंग खसाखसा घासलं, गेरू लावला. म्हणाल्या, लेकरा, आजारी माणसाले एकटं सोडते का कोणी? त्यांचा मुलगा पुण्याला असतो, फोनसुद्धा करत नाही. मला आईची आठवण आली, रडलेच.

९ डिसेंबर
शेंगदाणे नकोत म्हणून सांगून चार दिवस झाले. हाव, नाही टाकत, म्हणाल्या होत्या. तरी आज पाठ लाल. भाकरीला दाण्याचा वास येतो, की माझंच डोकं फिरलंय?

११ डिसेंबर
शेजारच्या नसीमाभाभी म्हणाल्या, माडीवर आधी राहणारी अर्पिताही सारखी आजारी असायची. बरी होऊन जायची तयारी केली, त्याच दिवशी तिला ॲम्ब्युलन्समधून नेलं.

१३ डिसेंबर
वही मी फळीवर उजवीकडे ठेवते. आज डावीकडे होती.
कवठाने ओठ सुजतात.

१४ डिसेंबर
ताटात कवठाची चटणी. कालची नोंद मी मुद्दाम खोटी लिहिली होती, कवठ मी जन्मात खाल्लेलं नाही.
मी जेवले नाही. भीती वाटते. दुसरी खोली बघितली, उद्या जाणार.

१५ डिसेंबर, दुपार
बॅग भरली. चहाशिवाय त्या निघू देईनात. तमाशा नको म्हणून घेतला. चहाने मला पित्त कधीच उठत नाही, वहीत तशी नोंद आहे. कडवट लागला. आलं जास्त पडलं म्हणाल्या.

लाल शाईच्या त्या पहिल्या पानाचा कोपरा दुमडलाय. मी दुमडला नव्हता.

ओठ जड— फोन खाली, चार्जिंगला—
त्या घोंगडी घेऊन आल्यात. उशाशी बसल्यात. अंग गुंडाळतायत. कुठी जाऊन राह्यली होती तू, म्हणतात. लिही नं, डॉक्टरले दाखवा लागन, काय खाल्लं—

३.४०. चहा. त्यात