सप्तमीलाच खंडेनवमी

१९ सप्टेंबर १९७८, मंगळवार

टिबुकली आली! आपल्या बागेच्या तळ्यात! पंप बंद करून हात पुसत बाहेर आलो, तर पाण्यात काहीतरी टुबुक् करून बुडालं. वाटलं बेडूक. मग पार पलीकडे पाणकणसांजवळ डोकं वर आलं – इवलंसं पाणपाखरू, तांबूस मान, शेपटीचा पत्ताच नाही! लहानपणी गावच्या तळ्यावर हिच्यामागे दगड घेऊन धावायचो. एकदाही लागला नाही. चिंचवडला येऊन आठ वर्षं झाली, इथं ही भेटेल असं स्वप्नातही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ही नुसती मुरमाची खाण होती. फाउंड्रीतली जळकी वाळू इथं आणून ओतायचे. पाण्यावर तेलाचा तवंग! मग कंपनीनं वाळू उपसली, झाडं लावली, बाग केली आणि पंप चालवायला मला इथं टाकलं. फाउंड्री शॉपमधले हसले – 'ज्योतीराम, शिक्षेवर बदली झाली राव तुझी!' शिक्षा? या म्हणावं, बघा एकदा!

घरी सांगितलं तर कौशल्या म्हणते, 'पगार वाढल्यागत काय नाचू लागलात?'

२५ सप्टेंबर, सोमवार

आज केवढा अनर्थ झाला असता!

पाणकणसांत कुजक्या शेवाळाचा एक ढीग तरंगत होता. बागेचे अधिकारी उद्धवराव शिस्तीचे – पाण्यात कचरा दिसला की त्यांचं डोकं फिरतं. म्हणाले, 'तो ढीग आजच्या आज काढ.' पँट वर करून उतरलो, ढिगात हात घातला – आत ऊबदार! शेवाळ बाजूला केलं तर अंडी! चार! टिबुकली उठून जाताना ओलं शेवाळ वर पांघरून जाते, म्हणून कुणाला कळत नाही. किती लबाड! सगळं होतं तसं झाकलं आणि काठावर आलो.

खुरपणीला येणाऱ्या केसरबाई काठावरून बघत होत्या. 'पंपवाले, पाखरानं येडं केलंय तुमास्नी,' म्हणाल्या. पण तेव्हापासून काठाला आलेल्या प्रत्येक कुत्र्याला त्याच हाकलतायत.

साहेबांना म्हटलं, 'ढीग काढतो, सावकाश काढतो.' त्यांनी चष्मा पुसत तळ्याकडे बघितलं आणि निघून गेले. बरं झालं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

नर-मादी दोघं आळीपाळीनं अंड्यांवर बसतात. कौशल्याला मुद्दाम नेऊन दाखवलं. म्हणाली, 'बघा, शिका कायतरी! बाप्या बी बसलाय.'

३ ऑक्टोबर

धोबी पक्षी आले! गवतावर शेपट्या आपटत फिरतायत. आज जेवायचंच राहिलं.

७ ऑक्टोबर, शनिवार

घात झाला. कंपनीच्या मोठ्या साहेबांना दसऱ्यानंतर तळ्यात कारंजं बसवून पाहुण्यांना दाखवायचंय. तळ्याचं पाणी अर्ध्यावर आणायचं – सोमवारी सकाळपासून पंप लावायचा. मधल्या खड्ड्यात पाणी राहील, पण कडेला नुसता चिखल. घरटं तरंगतं आहे, पाणी उतरलं की ते चिखलात बसणार, आणि कुत्री टपलेलीच!

शेवटी उद्धवरावांना सांगून टाकलं – साहेब, तो ढीग म्हणजे घरटं आहे. त्यात चार अंडी आहेत. म्हणाले, 'मी काय पाखरांचा वकील आहे? वरून हुकूम आहे.'

भयंकर चीड आली. पिल्लं निघाली की आईबाप त्यांना पाठीवर घेऊन खोल पाण्यात जातील. तेवढीच सवड हवी आहे!

८ ऑक्टोबर, रविवार

सुचलं! सुट्टी असून पंपावर गेलो. पंप घासूनपुसून धुतला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. खंडेनवमीची पूजा झालेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही – कुठल्याही शॉपमध्ये विचारा. आज सप्तमी आहे हे पंपाला कुठं कळतंय!

९ ऑक्टोबर, सोमवार

उद्धवराव पंपघराच्या दारातच थबकले. 'हे काय? खंडेनवमी उद्या आहे! पंचांग कुठलं तुझं?'

'आमच्या मराठवाड्यातलं, साहेब.'

'हार काढ.'

'तुम्हीच काढा, साहेब.'

त्यांचा हात पुढे झाला... आणि थांबला. मग बूट काढले, पंपाला नमस्कार केला, पुन्हा बूट घालून गेले! केसरबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी नुसता उडायचा बाकी होतो.

जाताना मात्र बजावलं – 'दसऱ्याला सकाळी मोठे साहेब स्वतः येणार आहेत. तेव्हा पंप चालला नाही तर तुझ्या जागी दुसरा माणूस येईल.'

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

एक फुटलं! आईच्या पंखातून एवढंसं पट्ट्यापट्ट्यांचं डोकं बाहेर! मी ओरडलोच. अजून तीन बाकी. अगं, घाई कर ना!

११ ऑक्टोबर, दसरा, दुपारी

मोठे साहेब आले. सकाळी तीन पिल्लं निघालेली, एक अंडं तसंच. पंपाची माफी मागून हार उतरवला. नोकरी गेली तर कौशल्याला काय सांगू? डोळे मिटून बटण दाबलं.

पंप ढिम्म. पुन्हा दाबलं. काही नाही! उद्धवरावांनी पेटी उघडली – आत फ्यूजच नाहीत! सगळ्यांदेखत माझ्यावर कडाडले, 'कुणी काढले?' वायरमन सणाला गावी गेलाय, परवा येणार. मोठे साहेब लालबुंद. 'हाच चोर आहे,' म्हणाले, 'उद्या ऑफिसात उभा करा याला.'

देवाशपथ, मी नाही काढले. केसरबाईंना बाजूला घेऊन विचारलं. 'आवो, म्या कशाला हात लावू त्या इजेला?' म्हणाल्या. खरं बोलत होत्या.

उद्या नोकरी राहत नाही. आणि तरी बावळटासारखा हसतोय, कारण पाणी जिथल्या तिथं आहे!

संध्याकाळी

शेवटचंही निघालं. आईबापाच्या पाठीवर बसून सगळी मधल्या पाण्यात गेली!

सोनं द्यायला उद्धवरावांकडे गेलो. वाकून नमस्कार केला. त्यांनी खिशातून मूठ काढून माझ्या हातावर रिकामी केली – आपट्याची चार पानं आणि पंपाचे तिन्ही फ्यूज.

'ऑफिसात मी बोलतो काय ते,' म्हणाले. मग हळूच, 'चारही निघाली ना रे?'