दुसरा बाप्तिस्मा

रविवार संध्याकाळ, लातूर

आज दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. पाण्यात पूर्ण बुडवल्याशिवाय तो खरा नाही, असं होणाऱ्या सासरचं चर्च मानतं. नाहीतर लग्नच लागणार नव्हतं. तान्ही असताना बाबांनीच, पाळक म्हणून, माझ्या कपाळाला पाणी लावलं होतं.

हौदात पास्टरांनी विचारलं, "पहिला बाप्तिस्मा नव्हताच, कबूल?" मी हो म्हटलं. का म्हटलं? हदगावहून आलेले बाबा समोरच उभे होते. मी निथळत बाहेर आले, तर हळूच म्हणाले, "मग आपल्या सॅमचा बी न्हवताच का गं, माय?"

सॅम माझा धाकटा भाऊ. पाळण्यातच गेला. त्याला बाबांनी कपाळाला लावलेलं तेवढंच पाणी मिळालं; त्याच्याच भरवशावर तो देवाघरी पोचला, असं बाबा मानतात.

'होता, बाबा', एवढंच म्हणायचं होतं. सगळे बघत होते. मी ओले केस पिळत राहिले. बाबा न जेवताच बसस्टँडकडे गेले.