आत्याच्या घरातली शांतता

२ जून

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक माइक आणि मास्कच्या दोऱ्यांनी सोलवटलेले दोन कान घेऊन आत्याच्या दारात उभी राहिले, तर तिनं मला जिन्यातच थांबवलं आणि बॅगांवर औषध फवारलं. कुंडीतल्या झाडावर फवारतात तसं, अगदी कोपऱ्याकोपऱ्यात. म्हणाली, आधी आंघोळ, मग गप्पा. प्रत्यक्षात मी आंघोळ करत होते तेव्हाच ती दाराबाहेर उभी राहून बोलायला लागली होती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई-बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून मला जे माणूस आहे ते हेच. जन्मभर शिवणकाम केलं, आता एकटी राहते आणि चार जणांचं बोलते. बटाटे चिरायच्या आधी बटाट्यांना सांगते. सुई सापडली नाही तर सुईला रागावते. तिच्या तोंडाची टकळी बंद झालेली मी कधी पाहिलेली नाही.

मला नोकरी लागली आहे हे लिहायचंच राहिलं! व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत, आवाजाच्या विभागात. साथीमुळे ऑफिस बंद आहे, सगळे घरून काम करतात. माझी भाड्याची खोली हमरस्त्यावर होती आणि खाली दिवसभर अँब्युलन्स. तिथे काय डोंबल रेकॉर्ड करणार? आत्याचं घर गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर, समोर बंद पडलेलं गोदाम. इतकी शांत जागा शोधून सापडली नसती. आत्या सोडली तर, असं मी म्हणाले आणि तिनं माझा कान धरला.

५ जून

कामाला सुरुवात. आमच्या गेममध्ये समुद्रात भरकटलेलं एक रिकामं जहाज आहे. त्यावर एक मुलगी एकटी फिरते. एवढंच. पण त्या जहाजाची प्रत्येक पायरी, बिजागरी, दोर, सगळ्याचा आवाज लागतो आणि तो आम्हालाच बनवायचा असतो. गेम मागच्या वर्षीच यायचा होता. साथ आली आणि तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. तारखा जाहीर करणाऱ्या मॅनेजरबाईंना सगळे पाठीमागे तारीखबाई म्हणतात. बाई गोड आहेत. प्रत्येक वेळी माफी मागून तारीख बदलतात.

आमच्या विभागाच्या सरांनी आज कामाची पद्धत समजावली. कुठलंही रेकॉर्डिंग साफ करायच्या आधी रिकाम्या खोलीची थोडी शांतता रेकॉर्ड करायची. फ्रिजची घरघर, पंखा, लांबचा रस्ता, जे काही त्या शांततेत असेल ते. तो नमुना कॉम्प्युटरला दिला की ‘हे सगळं नको’ असं त्याला कळतं आणि तो प्रत्येक रेकॉर्डिंगमधून तेवढं पुसून टाकतो. नियम एकच, नमुना घेताना खोलीत कोणी नको. स्वतःसुद्धा माइक चालू करून बाहेर जायचं.

९ जून

आज आत्या जहाज झाली. तिच्या जुन्या शिलाई मशीनचं पायडल म्हणजे दोराची करकर, कॅनव्हासचं कापड फडकावलं की शीड. तिला इतकी मजा आली की मला मध्ये बोलायलाच मिळेना. एका ठिकाणी आवाज हवा तसा आला तेव्हा तिनं स्वतःच टाळ्या वाजवल्या आणि रेकॉर्डिंग फुकट गेलं.

जेवणानंतर नमुना घ्यायचा होता, तर ती माझ्याच खोलीतल्या खुर्चीत झोपून गेली. बातम्या बघून बघून बिचारीची झोप उडाली आहे, त्यामुळे उठवायचं जिवावर आलं. तशी शांत होती. श्वास, गुडघ्याची एखादी कटकट, झोपेत गुणगुणल्यासारखं काहीतरी. एवढ्यानं काय होतंय, म्हटलं. माइक चालू केला, दार लोटलं आणि बाहेर जाऊन भांडी पुसत बसले.

१२ जून

सर जाम खूश! बाकीच्यांच्या घरात मुलं, कुत्री, शेजाऱ्यांचं ड्रिल. माझा नमुना म्हणे सगळ्यात स्वच्छ. त्यांनी तो सगळ्यांना पाठवला आहे. सगळ्यांची रेकॉर्डिंग एका मापानं साफ झाली की जहाज एकाच जागेसारखं वाटेल. मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, माझं घर कोणाला तरी शांत वाटलं हे ऐकायला तुझे आजोबा हवे होते.

१८ जून

आत्या आज दोनदा माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि मी दोन्ही वेळा दचकले. तिच्या सपाता फरशीवर सपसप वाजतात. जिन्यातून यायला लागली की मला ओळखू येतं. आज काहीच ऐकू आलं नाही. तळ घासला असेल, असं ती म्हणाली. मी पाहिला. तळ चांगला आहे.

रात्री हेडफोन काढल्यावर माझेच कान तपासले. मला घड्याळ ऐकू येतं. गोदामावरची कबुतरंही ऐकू येतात.

२३ जून

आत्याच्या हातून पातेलं पडलं. मी समोरच होते. पातेलं फरशीवर आपटलं, उडालं, गोल फिरलं आणि थांबलं. आवाज झाला नाही. मी उचलून तेच पातेलं पुन्हा पाडलं, तर खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी मारली.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग तिला हसू आलं, पण ते हसूही भिंतीपलीकडून यावं तसं होतं. कशाला असलं काही लिहून ठेवतेय मी?

२६ जून

कळलं.

तो नमुना उघडून आवाज होईल तेवढा मोठा करून ऐकला. फ्रिज आहे, पंखा आहे, आणि सगळ्यावर आत्या आहे. तिचा श्वास, तिचा गुडघा, तिचं गुणगुणणं. मी कॉम्प्युटरला सांगितलं, हे सगळं नको. आणि आता घरोघरी माझ्या विभागातली माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच पुसत बसली आहेत.

माझ्याकडची फाइल पुसली. त्यानं काय होणार, ती सगळ्यांकडे आहे. मी काय करून बसले आहे?

२७ जून

सरांना फोन केला. नमुना चुकलाय, त्यात माणूस आहे, वापरू नका, असं सांगितलं. ते म्हणाले, ऐकू तर येत नाही ना, मग असू दे, निम्मं जहाज त्यानं साफ झालंय. मग मी सगळं सांगितलं. पातेल्याचं, सपातांचं. त्यांच्याकडे मागे लहान बाळ रडत होतं.

“अगं, घरात कोंडून सगळ्यांचंच डोकं फिरायला लागलंय,” ते म्हणाले. “दोन दिवस सुट्टी घे. तुझं काम आम्ही वाटून घेतो.”

म्हणजे तेवढंही त्याच नमुन्यानं साफ होणार. मी सुट्टी नको म्हणाले. वाईट माणूस असता तर मी भांडले तरी असते.

३० जून

एकच वाट दिसते. दहा जुलैला गेम पूर्ण करून द्यायचा आहे. दिला की साफसफाई थांबेल. तोवर आत्या राहिली पाहिजे. म्हणून मी झपाटल्यासारखी काम करते आहे. आवाज स्वतः साफ करते, नमुना जिन्यातला घेतलाय, आणि तयार करूनच पाठवते, म्हणजे त्याला कोणाला हात लावावा लागू नये. इतरांचंही काम मागून घेते. तारीखबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

आत्याचा आवाज आता कानाशी तोंड आणल्यावरच कळतो. तिला सगळं सांगितलं, माझी चूक होती तेही. मला वाटलं होतं रागावेल. ती म्हणाली, मग लवकर आटप, मला खूप बोलायचं राहिलंय.

३ जुलै

आवाज गेला. ओठ हलतात, बाकी काही नाही. आता कागदावर लिहून बोलते. पहिलंच वाक्य लिहिलं, ‘आता मला कोण बडबडी म्हणतंय बघू.’ मी हसले आणि मग रडू आवरेना.

खालच्या मजल्यावर तपासायला आलेल्या डॉक्टरांना हातापाया पडून वर आणलं. नखशिखांत प्लॅस्टिकमध्ये होते. आत्याच्या छातीला नळी लावली, काढली, नळीवर बोट आपटून पाहिलं, पुन्हा लावली. माझ्या छातीला लावून पाहिली. मग आत्याच्या मनगटावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. नाडी लागते, म्हणाले. नळी बिघडली असावी. ताप नाही, त्यामुळे हॉस्पिटलमध्ये जागा मिळणार नाही. जाताना जिन्यातून एकदा वळून बघितलं त्यांनी, आणि मग भराभर उतरले.

६ जुलै

काल आत्या बाथरूममध्ये पडली. किती वेळ दार बडवत होती कोण जाणे. मी पलीकडेच बसले होते. मला काही कळलं नाही.

आज शिवणाची जाड दोरी घेतली, एक टोक तिच्या मनगटाला, एक माझ्या. मी ओढली की तिनं ओढायची. ती हळूच ओढते, माझं काम मोडू नये म्हणून. दोन खोल्यांमध्ये ती दोरी आहे म्हणून मी काम करू शकते.

चारच दिवस राहिले. होईल. होणार.

८ जुलै

माझं सगळं काम झालं. दोन दिवस आधी.

आत्यानं कागदावर लिहिलं, ‘ठमे, मला आतूनही ऐकू येत नाही. चावताना येत नाही. छातीतलं येत नाही.’ खाली लिहिलं, ‘भीती वाटते.’ तिनं आजवर मला कधी असं सांगितलं नव्हतं. तिचा हात धरून बसले. दुसरं काय करणार?

परवा संपेल, असं सांगितलं तिला.

९ जुलै

तारीखबाईंचा निरोप आला. गोड बातमी, असं वर लिहिलंय. सध्याच्या परिस्थितीत कोणावर ताण नको, म्हणून गेम पुढच्या वर्षी. मिळालेल्या वेळात दर्जा वाढवायचा. आवाज विभागानं सगळं रेकॉर्डिंग पहिल्यापासून पुन्हा साफ करायचं. त्याच नमुन्यानं. माझं सुद्धा. उद्यापासून.

खाली सगळ्यांनी आनंदाची चित्रं टाकली आहेत.

मी फोन केले. सर, तारीखबाई, सगळ्यांना. रडले. ओरडले. तारीखबाईंनी मला मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर दिला आणि उद्यापासून पगारी रजा. माझं लॉगिन बंद केलंय — काळजी म्हणून —

आत्याला काय सांगू?

१० जुलै, सकाळ

सांगितलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

सरांना पुन्हा फोन लावला. उचलला. म्हणाले, सुरू केलंय सगळ्यांनी, आता माझ्या हातात नाही. बाळ झोपलंय, नंतर बोलू.

१० जुलै, दुपार

ती आतल्या खोलीत पलंगावर. मी इथे, दारात पाठ टेकून. डावा हात दोरीवर, उजव्यानं लिहिते आहे. तिच्याजवळच बसायचं होतं, पण तिनं बाहेर जायची खूण केली. मी असं बघते ते तिला नको असावं.

ओढली. ओढलं तिनं.

ओढली. ओढलं.

पुसायला आवाज उरला नाही, आता तीच पुसली जातेय. पलंगाची चादरही तिच्याखाली दबलेली दिसत नाही. तिनं कागद उचलला, लिहिलं काहीतरी, मला दाखवला. कागद कोरा होता. तिला अजून वाटतंय तिनं लिहिलंय. मी वाचल्यासारखं करून मान हलवली. हसली ती.

ओढली. ओढलं — अगदी हलकं —

१० जुलै

मी जोरानं बोलते आहे. ती बोलायची तसं, काहीही. बटाट्यांबद्दल. सुईबद्दल. कोणीतरी बोलत राहायला —

ओढली.

थांबले.

ओढलं. आहे. आहे अजून.

मान वळवून बघायचा धीर नाही. दोरी आहे तोवर —

ओढली —

ओढली —

पुन्हा —

आली. सहज आली, सगळीच, माझ्या मांडीवर. गाठ सुटलेली नाही. मी बांधली तशीच आहे, मनगटाएवढी, घट्ट, आणि आत अजून ऊब —

आत्या, मी आत येते, थांब, मी —