शंभरावं जोडपं

मंगळवार, २ सप्टेंबर २०१४

आज आलं — कचेरीतून सायकल एक, फुकट. पिवळा टी-शर्ट एक, ‘मी बाबा, मी हजर’ असं छापलेला, दोन माणसं मावतील एवढा, फुकट. भिंतीवर लावायचं चित्र एक, बाप बाळाला आंघोळ घालतोय असं — तेही फुकट. बाजारातून घेवडा तीन किलो, बाराशे फ्रँक. मीठ दोनशे. सायकल बघायला जमलेल्या सहा शेजाऱ्यांना केळ्याची बियर, चोवीसशे! फुकटची सायकल आठवडाभराच्या घेवड्याहून महाग पडली.

हे आता आमच्या टेकडीचे ‘आदर्श बाबा’. आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या टेकड्यांवर जाऊन पुरुषांना शिकवणार — घरी कसं राहायचं ते!

गुरुवार, ४ सप्टेंबर

धाकट्याला ताप. पाठीला बांधून दवाखान्यात नेला, दीड तास चढ. हे पलीकडच्या टेकडीवर. विषय — आजारी मूल आणि बाप.

संध्याकाळी आले ते खुशीत. “पन्नास जण होते! एक तर रडला.”

मी म्हटलं, इथेही एक रडत होता. दिवसभर.

रविवार, ७ सप्टेंबर

चर्चमध्ये मिस्सा. कम्युनियनच्या वेळी सगळा बाक उठून पुढे गेला, मी गुडघे बाजूला घेतले. सोळा वर्षं गुडघेच बाजूला घेते आहे. ह्यांनी माझ्या वडिलांना गाय दिली, दोन्ही घरं जेवली, गावाच्या लेखी लग्न झालं. पण सरकारी कागद नाही, आणि कागदाशिवाय फादर चर्चमध्ये लग्न लावत नाहीत, आणि त्या लग्नाशिवाय कम्युनियन नाही. दरवर्षी ह्यांचं एकच — “पुढच्या सुगीनंतर बघू.” किती सुग्या झाल्या!

नोव्हेंबरात आमच्या सोलांजचं चर्चमध्ये दृढीकरण आहे. आज वाटेत तिने विचारलंच. “आई, त्या दिवशी तरी तू माझ्याबरोबर पुढे येशील ना?”

गुरुवार, ११ सप्टेंबर

देवाने ऐकलं! आणि कोणाच्या तोंडून, तर कचेरीतल्या पेलाजी मॅडमच्या. ह्यांना चारचौघांत म्हणाल्या, “अनाक्लेत, तुम्ही गावभर कुटुंबावर भाषणं देता आणि तुमचंच लग्न नोंदलेलं नाही? वरच्या साहेबांना कळलं तर सायकल परत जाईल.”

बायकोने सोळा वर्षं सांगितलं ते कानात शिरलं नाही, सायकलने एका दिवसात शिरलं.

१६ ऑक्टोबरला शंभर जोडप्यांची एकदम नोंदणी आहे. आमचं नाव घातलं. ह्यांच्या जन्मगावच्या कचेरीतून तेवढा अविवाहित असल्याचा दाखला आणायचा. ते गाव बसने दोन तास. थोरले दीर व्हेदास्त आणि जाऊबाई दोनाता तिथेच राहतात.

पोरं झोपल्यावर सबंध रोझरी म्हटली. एरवी एक माळ म्हणताना डुलकी लागते.

शनिवार, २० सप्टेंबर

पिवळा टी-शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतला. आता माणसासारखा दिसतो. लग्नात नेसायला लागणारं पातळ वस्त्र शेजारच्या माटील्दकडून मागून आणणार — विकत घ्यायची काही गरज नाही, एका सकाळचं काम. माटील्द म्हणाली, “काय गं, सोलांजची आई, मुलीचं लग्नाचं वय झालं तेव्हा नवरी व्हायला निघालीस!” म्हटलं, हो, दोघींचं एकदमच उरकते.

बुधवार, २४ सप्टेंबर

हे दाखला आणायला गेले ते परत आले. दाखला नाही.

हातात दुसराच कागद. त्यावर — अनाक्लेत, विवाहित. पत्नीचं नाव दोनाता. जाऊबाई!

मी कागद तीनदा वाचला. मॅट्रिकपर्यंत शिकले, वाचता येतं मला. ह्यांना हसू आवरेना. “अगं, तो दिवस होय!”

तो दिवस म्हणजे अकरा वर्षांपूर्वीचा. तिथेही अशीच शंभर जोडप्यांची नोंदणी होती, त्यात दीर आणि जाऊबाई. दीर सकाळी बोकड विकायला गेले ते आलेच नाहीत. अधिकारी ओरडला — “शंभर म्हणजे शंभर! राजधानीतून, किगालीहून माणसं आलीत मोजायला! शंभरावा नवरा कुठाय?” तर हे जाऊबाईंशेजारी जाऊन उभे राहिले. झेंडा धरला, हात वर केला, शपथ घेतली. ओळखपत्र मागितलं तेव्हा स्वतःचं काढून दिलं!

“मग कोणाचं देणार?” — हे वर मलाच! “भावाच्या वतीने भाऊ उभा राहतोच की. त्याच्या लग्नाची गाय घेऊन कोण गेलं होतं? मीच!”

गाय ओळखपत्र मागत नाही हो!

घरात ना दिरांना वाचता येतं ना जाऊबाईंना. कागद ट्रंकेत पडून राहिला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

पेलाजी मॅडमनी डोकं धरलं. मग म्हणाल्या, उपाय आहे. ह्यांनी आणि जाऊबाईंनी मिळून तालुक्याच्या कोर्टात सही केली, की ते लग्न रद्द. मग आमचं नाव राहील. “पण दहा तारखेच्या आत. आणि अनाक्लेत, तोवर भाषणं बंद.”

ह्यांनी लगेच दिरांना फोन करून सगळं सांगितलं. हसत हसत! मी खुणावत होते — आधी जाऊबाईंशी बोला. पण नाही. पुरुषांनी बायकोचं कसं ऐकावं ह्याचा वर्ग घेतात हे.

शनिवार, २७ सप्टेंबर

सकाळी सगळं गाव रस्त्याच्या श्रमदानाला. फावडं मारता मारता प्रत्येक जण ह्यांना विचारतोय, “अनाक्लेत, आज कुठल्या बायकोच्या हातचं जेवणार?” हेही हसतात. मी खाली मान घालून माती ओढली. कोर्टात जायचा दिवस सोमवार ठरला.

सोमवार, २९ सप्टेंबर

जाऊबाई सकाळच्या गाडीने आल्या. उजवा हात फडक्यात बांधलेला.

“पडले,” म्हणाल्या. मी फडकं सोडलं. बोटं वांग्यासारखी सुजलेली. पडून असं होत नाही.

हे बाहेर गेल्यावर बोलल्या. तुटक तुटक. फोन झाला त्या दिवशी दिरांनी ट्रंकेतला कागद काढून कोणाकडून तरी वाचून घेतला. मग म्हणाले, “तू माझी कोण? कागद दाखव! घर माझं, शेत माझं, तुझं काय आहे इथे?” बाजारातली एक बाई ठरवून ठेवली आहे म्हणे, १६ तारखेलाच तिकडे नोंदणी करणार. सुगी झाली की हिने निघायचं. चार पोरं. अकरा वर्षं शेत कोणी केलं? हिने.

आणि एवढं होऊन माझ्याचकडे बघून म्हणाल्या, “तुझं काम अडायला नको, म्हणून आले. अंगठा डाव्या हाताचा चालेल ना?”

आमच्याच अर्जाने हे झालं. मला कागद हवा होता म्हणून!

कोर्टात कारकून नव्हता. शुक्रवारी या, म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणूस जागेवर नाही म्हणून बरं वाटलं. जाऊबाई पाचच्या गाडीने परत गेल्या, पोरं एकटी आहेत म्हणून. बसच्या दारात डाव्या हाताने दांडी धरून उभ्या होत्या.

मंगळवार, ३० सप्टेंबर

फादरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, शांतपणेच सांगितलं — कागद नाही तर विधी नाही, माझ्या हातात नाही. प्रार्थना कर, म्हणाले. तेवढं मला घरीही येतं.

पेलाजी मॅडमना एकच विचारलं. आज त्या कागदाप्रमाणे जाऊबाईंचा हक्क कशावर? “खरं सांगू? अनाक्लेतच्या घरावर. अर्ध्या.”

बुधवार, १ ऑक्टोबर

डोकं दुखतंय. सोलांजला सांगितलं, त्या दिवशी मी पुढे येऊ शकणार नाही, आणि का. ती रडली, मग म्हणाली, “काकू कुठे झोपेल?”

गुरुवार, २ ऑक्टोबर

ह्यांना विचारलं नाही, सांगितलं — कोर्टात सही करायची नाही. “मग आपलं लग्न?” म्हणाले. म्हटलं, सायकल परत करून या. मग कधी नव्हे ते स्वतःहून उठले आणि मागच्या खोलीतली बटाट्याची पोती बाहेर ओढायला लागले.

जाऊबाईंचा फोन दिरांकडे असतो, म्हणून बसच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी दिली. जाऊबाईंच्या टपरीवाल्या बहिणीच्याच हातात दे, तीच वाचून दाखवेल, असं बजावलं. इथे उतरवून ठेवते —

दोनाताताई, उद्या कोर्टात येऊ नका. अंगठा देऊ नका, डावाही नाही, माझ्यासाठी तर नाहीच. कागदावर तुम्ही ह्या घरच्या आहात. पोरांना घेऊन या, चौघांनाही. भांडी आणू नका, आहेत. कुठल्या गाडीने निघता ते परतीच्या गाडीनेच कळवा.