टिंडवीकच्या बचाव गाडीचे गिअर मी पूर्ववत करणार नाही

प्रति,
मा. विभागीय वाहन निरीक्षक,
वाहन नोंदणी व तपासणी कार्यालय, आस्वेलीर,
उत्तर आइसलँड.

विषय : बचाव पथकाच्या गाडीचे एक्सलचे गिअर मूळ मापाचे करण्याचा आदेश रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. ६ फेब्रुवारी २०२४
२) आपल्याच कार्यालयाचे पत्र दि. १४ नोव्हेंबर २०२२

महोदया,

मी, स्टेनव्हर हालब्यर्नस्डोट्टिर, टिंडवीक येथे एकतीस वर्षे गॅरेज चालवते आणि गावच्या बचाव पथकाच्या गाडीची देखभाल विनामोबदला करते. दि. ३ फेब्रुवारी रोजी आपल्या तपासनिसांनी गाडीच्या नंबरपाटीवर, गाडी रस्त्यावर आणण्यास मनाई करणारी लाल चिकटपट्टी लावली. कारण असे की, नोंदणीपत्रात गिअरचे प्रमाण ४.१० आहे आणि गाडीत ५.७१ आढळले. आढळले हे खरे आहे. ते मीच बसवले आहे.

१. कंपनीतून आलेली गाडी एकतीस इंची टायरवर उभी होती. बर्फावर तरंगत जाण्यासाठी आम्ही बेचाळीस इंची टायर चढवले व ते आपण मंजूर केले. टायर मोठा झाला की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, म्हणजेच इंजिनाला प्रत्येक फेरी जड जाते. ते ओझे उतरवायचे तर एक्सलमधली क्राऊन-पिनियन ही मोठ्या व लहान दातेरी चाकांची जोडी बदलावी लागते. पूर्वी पिनियनला दहा दाते व क्राऊनला एक्केचाळीस होते. आता सात व चाळीस आहेत. चाक एकदा फिरायला इंजिनाकडचा दांडा पूर्वी चार वेळा फिरे, आता पावणेसहा वेळा फिरतो. यात फसवणूक कोणती, हे आपल्या पत्रातून कळले नाही.

२. हे काम टायरबरोबरच करायला हवे होते. मी केले नाही. त्यात आठवडा जातो आणि हिवाळा तोंडावर होता. पथकप्रमुख ऑडगेयर म्हणाला होता, "स्टेनव्हर, अर्धवट काम करू नकोस." मी म्हटले, "एवढा हिवाळा निघेल रे." ही चूक माझी आहे व ती या अर्जात नोंदवून घ्यावी.

३. दि. ११ मार्च २०२३ रोजी वीजतारांची पाहणी करणारा आमचा हाफ्लिथी वरच्या पठारावर वादळात अडकला व तिथल्या झोपडीच्या आडोशाला थांबला. त्या झोपडीखालच्या चढावर, अवघ्या सहाशे मीटर अंतरावर, गाडीने मान टाकली. सर्वांत खालच्या गिअरमध्येही इंजिन गुदमरत होते. गिअरबॉक्सचे तेल उकळून बाहेर आले. तो जळका वास अजून माझ्या नाकात आहे. उरलेले अंतर आम्ही कमरेएवढ्या बर्फातून पायी गेलो. दीड तास लागला. हाफ्लिथीच्या डाव्या पायाची तीन बोटे कापावी लागली. दवाखान्यात तो मला म्हणाला, "बाई, तुझी गाडी दिसत होती गं मला. दिवे दिसत होते. पुढे का येत नाही, तेवढं कळेना."

४. एप्रिलमध्ये मी दोन्ही एक्सल उघडले. ५.२९ की ५.७१ यावर ऑडगेयरशी भांडण झाले. "हमरस्त्यावर इंजिन बोंबलेल," तो म्हणाला. मी म्हटले, "बोंबलू दे. वर अडकलो की माणसं बोंबलतात." सात दात्यांचे पिनियन बारीक व थोडे नाजूक असते, हे मी जाणते, म्हणून आम्ही गाडीला झटके देत नाही. याच जानेवारीत त्याच चढावरून ही गाडी न थांबता वर गेली आणि एका शिक्षिकेला चाळीस मिनिटांत खाली घेऊन आली.

५. आता आपलेच संदर्भ क्र. २ चे पत्र पाहावे. टायर मंजूर करताना आपण अट घातली होती की, वेगाचे घड्याळ खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. जुन्या गिअरवर घड्याळ नव्वद दाखवी तेव्हा गाडी एकशे बावीसने धावत असे. आम्ही काचेखाली तसा कागदच चिकटवला होता. नव्या गिअरवर नव्वदला सत्त्याऐंशी भरते. म्हणजे फेब्रुवारीचा आदेश पाळावा तर नोव्हेंबरची अट मोडते. दोन्ही पत्रांवर सही एकच आहे.

६. मी हे तपासनिसांच्या निदर्शनास आणले. त्यांनी तोडगा सुचवला : "फॉर्मवर एकाच एक्सलची जागा आहे. मागचा पूर्ववत करा, पुढचा राहू द्या." महोदया, चारही चाके इंजिनाला जोडल्यावर पुढची एका चालीने व मागची दुसऱ्या चालीने ओढू लागली, तर शंभर मीटरांत काहीतरी तुटते. फॉर्ममध्ये जागा नसेल तर फॉर्मला एक ओळ वाढवावी. माझ्याकडे पट्टी व पेन आहे, मी आखून देते.

सबब, आदेश रद्द करून ५.७१ ची नोंद घ्यावी. नोंद न घेतल्यासही मी एकही दाता बदलणार नाही. गाडी जप्त करायची असल्यास अवश्य यावे. मात्र पठारावर कोण जाणार, त्याचे नाव सोबत लेखी आणावे.

विनंती एवढीच, माघार नाही.

आपली,
स्टेनव्हर हालब्यर्नस्डोट्टिर
टिंडवीक, दि. १२ फेब्रुवारी २०२४

सोबत : दोन्ही पत्रांच्या प्रती, हाफ्लिथीचा दवाखान्याचा दाखला (त्याच्या संमतीने).

ता.क. : पाकीट बंद करण्याआधीच फोन आला. लाल चिकटपट्टीसह गाडी वर नेली. दोघे अडकले होते, दोघेही खाली आले. ऑडगेयर चालवायला बसत होता, त्याला मी उठवले. कारवाई करताना चालक म्हणून माझेच नाव लिहावे.