आईच्या भजनाची पेटी

पुणे

चि. गहिनीनाथ,
तुम्हा सर्वांना माझे आशीर्वाद.

पेटीवाले म्हाळूबुवा ऊसतोडीला गेले म्हणून आईच्या वर्षश्राद्धाचं भजन रद्द करतोस, असं तू कळवलंस. म्हणून हे पत्र. भजन होईल. पेटी मी वाजवीन.

शेजारच्या मार्थाबाई चर्चमध्ये पियानो वाजवतात. इथं पेटी नाही, म्हणून त्यांच्या पियानोवरच मी रोज शिकते. सुरुवातीला माझा डावा हात सारखा पेटीचा भाता शोधायचा. त्या म्हणाल्या, "बाई, इथं हवा भरायची नाही. त्या हाताला सूर द्या."

त्या सुरांचा कागद समोर ठेवू देत नाहीत. स्वतः गातात, मधेच पट्टी बदलतात आणि मला त्यांच्या मागून जायला लावतात. अजून चुकते. पण भजन सांगणारी छबुमावशी कुठल्याही पट्टीतून उठली तरी तिचा सूर मला सापडेल.

"अक्का, लई हट्टी हायस," म्हणशील. म्हण. आई जन्मभर गायली. तिच्या श्राद्धाच्या दिवशी तिचं घर गप्प राहिलेलं मला चालणार नाही.

दूध सोसायटी चालू आहे का? पाण्याचा टँकर येतो का? गाय चारा छावणीतच ठेव, मला विचारल्याशिवाय विकू नकोस. तुझ्या पाठदुखीबद्दल तू काहीच लिहीत नाहीस, हे माझ्या लक्षात आलं आहे.

मी बरी आहे. लहानग्या गीताला जप.

तुझी अक्का

ता. क. आईच्या पेटीच्या खोक्याची किल्ली माझ्याकडेच राहिली होती. आपल्या आष्टीला परतणाऱ्या दगडाबाईकडे ती आज दिली; मी येण्याआधी पेटी उघडून ठेव. तिच्या पदराला गाठ मी स्वतः मारली आहे.